राजारामपुरी : ३३ बाइट

रिलेशनल डेटाबेस म्हणजे माहिती तक्त्यांमध्ये मांडण्याची आणि एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी क्रमांकाने जोडून ठेवण्याची पद्धत. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी ती १९७० साली मांडली. माहिती डिस्कवर कुठे पडली आहे याची काळजी विचारणाऱ्याने करू नये, काय हवे तेवढे सांगावे, हा त्यांचा आग्रह. कोल्हापुरात तो तंतोतंत पाळला जातो. काय हवे ते सांगायला कार्यालयातला प्रत्येक जण तयार असतो आणि डिस्क कुठे आहे याची काळजी कोणीच करत नाही. ती बहुधा टेबलाखालच्या डब्यात असते. डब्यावर कोणाचे तरी हेल्मेट असते आणि डब्याच्या पंख्यासमोर चपला.

उदाहरणासाठी राजारामपुरीतली एक कल्पित पतसंस्था घेऊ. पाच हजार सभासद, दारोदार जाऊन रोजची ठेव गोळा करणारे तीस पिग्मी एजंट, एक मॅनेजर, आणि वहीतून एक्सेलमध्ये व एक्सेलमधून डेटाबेसकडे निघालेली माहिती. राजारामपुरी निवडण्याचे कारण असे की शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या नावाने वसलेल्या या भागात गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा ओळीने. तक्ते आखणाऱ्याला यापेक्षा सोयीची वस्ती मिळणार नाही. अडचण एवढीच की तिथला माणूस पत्ता सांगताना क्रमांकाचा आधार शेवटी घेतो. आधी जनता बझारचा चौक येतो, मग मारुतीचे देऊळ, मग पूर्वी जिथे कोणाचा तरी बंब होता ती जागा, आणि एवढ्यानेही समोरच्याला उमगले नाही तरच गल्लीचा आकडा.

डिस्क घेताना पहिला वाद आकाराचा. खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेले असते आणि विंडोज ९३१ जीबी दाखवते. यात कोणी लबाडी केलेली नसते. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. दहाचा बारावा घात १०२४ ने तीनदा भागला की ९३१ उरतात. पण ज्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्याबद्दल घरटी एक तरी मत आहे, तिथे ६९ जीबी वाटेत गळाल्याचा संशय येणारच. दुकानदार दोन्ही मोजमापे नीट समजावून सांगतो. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, “बरोबर हाय तुमचं. पण त्या ६९ जीबीचं काय ते कमी करा की.”

वास्तविक पतसंस्थेला एवढी जागा लागतच नाही. पाच हजार सभासद, वर्षाला पिग्मीचे तीनशे दिवस, असा दहा वर्षांचा हिशेब केला तर दीड कोटी ओळी होतात. ओळीला शंभर बाइट धरले तर दीड जीबी. इंडेक्स आणि बाकीचा पसारा धरून पाच-सहा. उरलेली जागा सीसीटीव्हीचे चित्रण, स्कॅन केलेली आधार कार्डे आणि संचालकांच्या सहलीचे फोटो व्यापतात. डिस्क भरली म्हणून आधी काय पुसायचे असा प्रश्न आला की सहलीच्या फोटोंना कोणी हात लावत नाही. जुन्या व्यवहारांकडे बोट जाते. आयबीएमने १९५६ साली रॅमॅक हे पहिले डिस्कयंत्र बाजारात आणले तेव्हा २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वजन टनाच्या वर. त्यात सहलीचा एखादाच फोटो बसला असता, आणि तोही संचालकांनी निवडायचा म्हटल्यावर सर्वसाधारण सभा बोलवावी लागली असती.

एका डिस्कवर विसंबू नये म्हणून रेडची रचना करतात. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात तिचे प्रकार मांडले. महागडी मोठी डिस्क एक घेण्यापेक्षा स्वस्तातल्या अनेक घ्याव्यात आणि जादाच्या डिस्कांनी धोका भरून काढावा, ही कल्पना. रेड या लघुरूपामागच्या मूळ इंग्रजी नावातला ‘स्वस्त’ हा शब्द पुढे उत्पादकांनी काढून ‘स्वतंत्र’ असा बदलून घेतला, कारण स्वस्त म्हणून महाग विकता येईना. त्यांनी राजारामपुरीत दुकान घातले असते तर उलटा बदल केला असता.

रेड शून्यमध्ये माहिती दोन डिस्कांवर वाटली जाते, वेग वाढतो, आणि दोघींपैकी कुठलीही गेली तर सगळेच जाते. नावातला शून्य प्रामाणिक आहे, शेवटी तेवढेच उरते. रेड एकमध्ये एकीवर लिहिलेले जसेच्या तसे दुसरीवर लिहिले जाते. हा प्रकार समजावायला सर्वांत सोपा आणि मंजूर करून घ्यायला सर्वांत अवघड.

“दोन घेतल्या आन् जागा एकीचीच?” मॅनेजरसाहेब विचारतात.

“व्हय साहेब. एक गेली तर दुसरी असावी म्हणून.”

“मग गेल्यावर घेऊ की दुसरी.”

या युक्तिवादाला तांत्रिक उत्तर नाही.

रेड पाचला किमान तीन डिस्का लागतात आणि त्यातली एक गेली तरी काम चालते. मात्र तिथे एक छोटी नोंद बदलायची तरी चार हेलपाटे पडतात. जुनी माहिती वाचा, जुनी पडताळणीची बेरीज वाचा, नवी माहिती लिहा, नवी बेरीज लिहा. पिग्मीसारख्या कामात दिवसभर बारीकसारीक नोंदीच बदलायच्या असतात, म्हणून डेटाबेससाठी जाणकार चार डिस्कांचे रेड दहा सुचवतात आणि पतसंस्था रेड एकवर तडजोड करते. दोन्ही डिस्का एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या जातात, कारण घासाघीस एकदाच करावी लागते. एकाच घाण्यातून निघालेल्या, एकाच डब्यात तापलेल्या आणि एकसारखे काम केलेल्या या डिस्का मरायलाही बऱ्याचदा जवळजवळच्या तारखा धरतात. एक बदलून नवीवर नक्कल होत असताना उरलेलीवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि नेमका तोच मुहूर्त ती साधते.

फिरत्या डिस्कबाबत राजारामपुरीचा एक खास प्रश्न आहे, तो परदेशी पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे टोक केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून तरंगत असते. सन मायक्रोसिस्टीम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस डिस्कांच्या कपाटासमोर उभे राहून मोठ्याने ओरडून दाखवले. ओरडताक्षणी डिस्कांचा प्रतिसाद मंदावला आणि पडद्यावरच्या आलेखात तो उंचवटा स्पष्ट उमटला. २०१६ साली बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेत आग विझवणाऱ्या वायूच्या चाचणीचा आवाज इतका झाला की डिस्का बिघडून कार्ड आणि एटीएमचे व्यवहार काही तास बंद पडले. हे एका माणसाच्या आणि एका नळकांड्यांच्या संचाच्या आवाजाचे परिणाम. गणेश चतुर्थीला राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरून मंडळांच्या आगमनाची मिरवणूक निघते, तेव्हा डॉल्बीच्या भिंती ज्या इमारतींना हादरवत जातात त्यांच्या तळमजल्यावर पतसंस्थांचे सर्व्हर असतात. त्या संध्याकाळी कर्जखात्याचा अहवाल उशिरा निघाला तर सॉफ्टवेअरवाल्याला दोष देणे योग्य नाही. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तिला डॉल्बीची फिकीर नाही, आणि कोल्हापुरात एसएसडी घेण्याचे हे एक सबळ कारण मानायला हरकत नाही.

एसएसडीचीही एक खोड आहे, आणि ती फिरत्या डिस्कांतही असते. डेटाबेस विचारतो, “लिहिलं का?” डिस्क सांगते, “लिहिलं की.” प्रत्यक्षात नोंद डिस्कच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत पडून असते, सवडीने उतरवायची असते. तेवढ्यात वीज गेली की नोंद गेली, आणि डेटाबेस मात्र खातेदाराला पावती देऊन मोकळा झालेला. चांगल्या सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातले लिखाण पुरे करण्याइतकी ताकद साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. दोघींतला भावाचा फरक दुकानात दिसतो, कामाचा फरक लाइट गेल्यावर. पोस्टग्रेस हा डेटाबेस बनवणाऱ्यांना तर २०१८ साली कळले की लिनक्सकडून ‘लिहिता आले नाही’ असा निरोप एकदा येऊन गेला की दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘सगळे ठीक’ असे उत्तर मिळू शकते. वीस वर्षे ते या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवून होते. तेव्हापासून असा निरोप आला की पोस्टग्रेस पुन्हा विचारत बसत नाही, सरळ बंद पडतो आणि नव्याने उठून आपल्या लॉगवरून सगळे तपासून घेतो.

हा लॉग म्हणजे किर्द. व्यवहार झाला की आधी तो किर्दीत, घडला त्या क्रमाने, खाली खाली लिहायचा. खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर मागाहून, सवडीने चढवायचा. खतावणी अर्धवट राहिली तरी किर्दीवरून ती पुरी करता येते. सगळे मोठे डेटाबेस नेमके हेच करतात. म्हणून फिरत्या डिस्का असतील तर किर्दीची डिस्क वेगळी आणि खतावणीची वेगळी ठेवावी असे सांगतात, म्हणजे एका टोकाला सारखी पाने उलटत पळावे लागत नाही. पतसंस्थेतल्या जुन्या हेडक्लार्कला ही गोष्ट एका वाक्यात कळते. संगणकाची पदवी घेऊन आलेल्या मुलाला ती एका सत्रात शिकवावी लागते. डेटाबेस शेवटी बसवला जातो तो मात्र सी ड्राइव्हवर, ‘न्यू फोल्डर दोन’ या ठिकाणी, आणि ‘न्यू फोल्डर एक’मध्ये काय आहे हे विचारायचे नसते.

जागा झाली की तक्ते. पहिला तक्ता सभासदांचा आणि पहिला प्रश्न ओळखीचा. प्रत्येक ओळ दुसरीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे, त्यासाठी प्रायमरी की लागते. नाव चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात ‘पाटील’ या आडनावाने माणूस ओळखू येतो असे समजणाऱ्याने जिल्हा पाहिलेला नसतो. वडिलांचे नाव जोडले तरी चुलत भाऊ जुळतात, कारण दोघांची नावे एकाच आजोबांवरून ठेवलेली असतात. मोबाइल नंबर घ्यावा तर सगळ्या घराचा एकच, आणि तोही पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. जन्मतारीख तर आणखी फसवी. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. शेवटी सभासद क्रमांकच उरतो. तो कुणाच्याही लक्षात राहत नाही, आणि चांगल्या कीचा तोच गुण आहे. ज्याच्याबद्दल लोकांना काही वाटत नाही ते बदलायला कोणी येत नाही.

त्यानंतर रकान्यांची रुंदी. इथे राजारामपुरी हे नावच परीक्षा घेते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्यात सहा अक्षरे दिसतात: रा, जा, रा, म, पु, री. युनिकोडच्या हिशेबात काना, उकार, वेलांटी यांची स्वतंत्र मोजणी होते आणि अकरा चिन्हे भरतात. डिस्कवर उतरताना यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे तेहेतीस. सहा, अकरा आणि तेहेतीस या तिन्ही उत्तरांत चूक एकही नाही. मात्र ‘सहाच तर अक्षरं आहेत, दहा पुष्कळ झाली’ असे म्हणून कुणी भागाचा रकाना दहाचा ठेवला आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस कडक शिस्तीत नसला, तर अकरावे चिन्ह कापले जाते. ते चिन्ह शेवटची वेलांटी असते. सगळी राजारामपुरी एका दुपारीत ‘राजारामपुर’ होते आणि नोटिशीवर तसेच छापून येते. ओरॅकलमध्ये वेगळे सांगितले नाही तर लांबी बाइटमध्ये धरली जाते. तिथे तीसचा रकाना ठेवणाऱ्याला ‘राजारामपुरी’ आत येत नसल्याचा संदेश मिळतो आणि सहा अक्षरे तीसमध्ये का मावत नाहीत या विचारात त्याचा चहा निवतो. मायएसक्यूएलमधल्या जुन्या ‘यूटीएफ-८’मध्ये तर तीनच बाइटांपर्यंतची चिन्हे बसत. देवनागरीचे त्यावर भागले, पण व्हॉट्सॲपवरून उचललेल्या नावापुढचे जोडलेले हात चार बाइटांचे निघाले आणि नमस्कार दारातच अडला.

जुनी माहिती आत घेणे हा वेगळाच सोहळा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेली नावे फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा होतात. त्यांचे रूपांतर करताना रफार पुढच्या अक्षरावर जातो. युनिकोडमध्ये टाइप केले म्हणून सुटका होत नाही. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव दोन प्रकारांनी लिहिता येते, नुक्त्याच्या ‘ऱ’ने किंवा ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळी घराणी. गल्लीच्या रकान्यात काहींनी इंग्रजी सात टाकलेला असतो, काहींनी मराठी ७. मराठी ७ ला आकडा समजायला सांगितले की पोस्टग्रेस चूक दाखवून थांबतो. कडक शिस्तीत नसलेला मायएसक्यूएल त्याला शून्य धरून, बारीक आवाजात एक इशारा देऊन पुढे जातो. इशारे वाचायची पद्धत नसल्याने सातव्या गल्लीतली मराठीप्रेमी मंडळी शून्याव्या गल्लीत राहायला जातात.

आता प्रश्न विचारणे, म्हणजे क्वेरी. एसक्यूएल ही भाषा आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडली. सामान्य माणसाला वापरता यावी अशी इच्छा होती. तिची खोड अशी की ती लिहायची एका क्रमाने आणि चालते दुसऱ्या. लिहिताना आधी ‘सिलेक्ट’, म्हणजे काय हवे. डेटाबेस मात्र आधी ‘फ्रॉम’ पाहतो, म्हणजे कुठून. मग ‘व्हेअर’, म्हणजे कोणते. काय हवे ते जवळजवळ शेवटी.

मॅनेजरसाहेबांची पहिली मागणी साधी असते. सहाव्या आणि सातव्या गल्लीतल्या सभासदांची यादी. नवा मुलगा ऐकतो तसे लिहितो: व्हेअर गल्ली = ६ अँड गल्ली = ७. यादी कोरी येते. डेटाबेसने प्रत्येक सभासदाला विचारले की तू सहाव्यात राहतोस का, आणि त्याच वेळी सातव्यातही राहतोस का, आणि पाच हजारांत असा एकही निघाला नाही. बोलण्यातला ‘आणि’ इथे ‘ऑर’ होतो. हे कळायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात सहाव्या आणि सातव्या गल्लीत संस्थेचा एकही सभासद नाही ही बातमी संचालकांपर्यंत पोहोचलेली असते.

‘ऑर’ आला की कंस येतात. ‘सहावी किंवा सातवी गल्ली, आणि थकबाकीदार’ असे बिनकंसाचे लिहिले तर ‘अँड’ आधी धरला जातो. सातव्या गल्लीतले फक्त थकबाकीदार आणि सहाव्या गल्लीतले सगळे, नियमित हप्ते भरणाऱ्यांसकट, नोटिशीच्या यादीत येतात. कंस न घातल्यामुळे माणसे दारात भांडायला येण्याचा हा प्रकार बीजगणिताच्या पुस्तकात दिलेला नाही.

काही मागण्या एसक्यूएलमध्ये मांडताच येत नाहीत. “थकबाकीदारांची यादी काढा, पण आपली माणसं सोडून.” यासाठी ‘आपली माणसे’ असा रकाना लागेल आणि तो भरायला कोणी तयार होणार नाही, झाला तरी निवडणुकीनंतर सगळ्या ओळी बदलाव्या लागतील.

यानंतर नल. ज्या रकान्यात काही भरलेले नाही तिथे नल असतो. तो शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. ‘माहीत नाही’ असा त्याचा अर्थ. दोन नल एकमेकांबरोबर आहेत का असे विचारले तर उत्तर ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही, पुन्हा ‘माहीत नाही’ असेच येते. कॉड यांना एक नल पुरेना म्हणून १९९० च्या पुस्तकात त्यांनी दोन सुचवले: माहिती आहे पण मिळालेली नाही तो एक, आणि माहिती लागूच होत नाही तो दुसरा. राजारामपुरीत किमान आणखी तीन लागतील. विचारले नाही, विचारले पण सांगितले नाही, आणि ‘आपलाच माणूस हाय, पत्ता काय लिहायचा’.

हा शेवटचा प्रकार महाग पडतो. सातवी गल्ली सोडून बाकी सगळ्यांना वसुलीची पत्रे पाठवायची म्हणून ‘गल्ली सातबरोबर नाही’ अशी अट घातली, तर ज्यांची गल्ली नल आहे ते यादीत येत नाहीत. ते सातव्यात नसतीलच असे डेटाबेसला छातीठोक सांगता येत नाही. पत्ता लिहून न देणारी आणि हप्ता न भरणारी माणसे पुष्कळदा तीच असतात, त्यामुळे संस्थेला ज्यांना पत्र धाडायचे होते तेवढेच नेमके सुटतात. दुसरे उदाहरण याहून गमतीचे. कोणत्या गल्ल्यांना पिग्मी एजंट नेमलेला नाही ते काढायचे आहे. एजंटांच्या गल्ल्यांची आतली यादी घेऊन ‘नॉट इन’ लावले. तीस एजंटांपैकी एकाचीच गल्ली भरायची राहिली असली, तरी त्या एका नलमुळे कुठल्याही गल्लीबद्दल ‘यादीत नक्की नाही’ असे म्हणता येत नाही आणि उत्तर कोरे येते. कोऱ्या उत्तराचा अर्थ मॅनेजरसाहेब असा घेतात की एकही गल्ली एजंटावाचून नाही. त्या महिन्यात सगळ्यांना शाबासकी मिळते.

जॉइन म्हणजे दोन तक्ते जोडणे. कशावरून जोडायचे ते सांगायला विसरले तर पाच हजार सभासद आणि तीस एजंट यांची प्रत्येकाशी प्रत्येकाची जोडी लागते आणि दीड लाख ओळी येतात. त्या यादीप्रमाणे प्रत्येक सभासदाच्या दारात रोज तीस एजंट जाणार. पिग्मी योजना १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेने काढली तेव्हा दारी जाऊन गोळा करणे हेच तिचे वैशिष्ट्य होते, पण इतके नव्हे.

‘ग्रुप बाय’ लावून गल्लीवार ठेवी काढल्या की माहिती भरणाऱ्यांची हस्ताक्षरे बाहेर पडतात. ‘७ वी गल्ली’, ‘७वी गल्ली’, ‘सातवी गल्ली’ आणि ‘सातवी गल्ली’ पण शेवटी एक मोकळी जागा. एकाच गल्लीच्या चार ओळी, चार बेरजा. म्हणून गल्ल्यांचा तक्ता वेगळा करून सभासदाच्या ओळीत फक्त क्रमांक ठेवायचा असतो. हे पहिल्या दिवशीच करायचे असते, पण पहिल्या दिवशी नारळ फोडायची घाई असते. नावांच्या क्रमाचे तसेच. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवलेला आहे आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात जातात. मराठी वर्णमालेत ही तिन्ही मंडळी शेवटी येतात. मराठी अनुक्रम निवडला नाही तर क्षीरसागरांचे नाव कांबळ्यांच्या जवळपास सापडते आणि जिथे शोधले तिथे सापडत नाही.

क्वेरी सावकाश चालते तेव्हा इंडेक्स, म्हणजे शोधण्यासाठी केलेली सूची, आठवतो. बी-ट्री ही इंडेक्सची रचना बायर आणि मॅक्राइट यांनी बोइंगच्या प्रयोगशाळेत १९७० च्या सुमारास केली. दीड कोटी ओळींतली एक शोधायला तीन-चार पायऱ्या पुरतात. पण इंडेक्स असला म्हणजे तो वापरला जाईलच असे नाही. ‘नावात कुठेही पाटील’ असा शोध दिला तर डेटाबेस अख्खा तक्ता चाळतो, कारण सुरुवातच माहीत नसल्यावर इंडेक्स उघडायचा कुठे. जन्मतारखेवर इंडेक्स आहे आणि आज ज्यांचा वाढदिवस त्यांना संदेश पाठवायचा आहे, तर तारखेतून महिना आणि दिवस सोलून काढताच साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. त्या हिशेबाचा वेगळा इंडेक्स करावा लागतो. तोही केला, तरी १ जूनला डेटाबेस पुन्हा तक्ता चाळायला लागू शकतो. पोस्टग्रेस प्रत्येक रकान्यात, आणि अशा हिशेबी इंडेक्सातही, कोणती किंमत किती वेळा येते याचा नमुना जपून ठेवतो. एवढी माणसे एकाच दिवशी जन्मली आहेत म्हटल्यावर इंडेक्समधून एकेकाच्या दारी जाण्यापेक्षा सगळी वस्ती एकदा फिरून यावी असे तो ठरवतो. गुरुजींची कृती कोणी न सांगता ज्याच्या लक्षात आली असा हा एकमेव परदेशी असावा.

वाचणाऱ्या क्वेरीने फार तर वेळ जातो. बदलणारी क्वेरी निराळी. एक सभासद तिसऱ्या गल्लीतून सातव्यात राहायला गेला. ‘अपडेट सभासद सेट गल्ली = ७’ एवढे लिहून झाले, पुढचे ‘व्हेअर’ लिहिण्याआधी चहा आला, कप घेताना कोपर क्वेरी चालवायच्या कळीवर पडले. डेटाबेस कुरकुरत नाही, खात्री करून घेत नाही. पाचही हजार सभासद सातव्या गल्लीत येतात. रेड एक असेल तर दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी येतात; चुकीची नक्कल करण्यात रेड कधीही कुचराई करत नाही. यावर उपाय म्हणजे आधी ‘बिगीन’ म्हणावे, मग बदल करावा, किती ओळी बदलल्या तो आकडा पाहावा, एकच असेल तर ‘कमिट’, नाहीतर ‘रोलबॅक’. हा आकडा डेटाबेस न विचारता सांगतो. तो न वाचता पडदा बंद करण्याची चपळाई माणसात जन्मजात असते. ‘बिगीन’ करून जेवायला जाणारा मात्र आणखी वाईट. त्याने धरून ठेवलेल्या ओळींसाठी तीनही काउंटर खोळंबतात आणि रांगेतला प्रत्येक जण इंटरनेटला शिव्या देतो.

शेवटी बॅकअप. कोल्हापुरात या विषयाला पंचगंगेच्या पुराचे परिमाण आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, जुलै २०२१ मध्ये त्याहूनही चढले. शहरातल्या शाहूपुरीच्या सखल भागातल्या तळमजल्यांत पाणी शिरले. राजारामपुरी उंचावर. त्यामुळे शाहूपुरीतली शहाणी कार्यालये आपला बॅकअप राजारामपुरीत आणून ठेवतात आणि राजारामपुरीतली कार्यालये, आपल्याकडे पाणी येत नाही म्हणून, बॅकअप घेतच नाहीत. घेतलाच तर त्याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर. नियम सांगतो की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या इमारतीत. दुसरी इमारत म्हणजे वरचा मजला नव्हे.

बॅकअप घेतला जातो आणि बॅकअप परत येतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. ३०० जीबींपैकी साडेचार उरले तेव्हा हात थांबला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. कोणीतरी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज घेऊन ठेवलेल्या प्रतीवर निभावले. ती कंपनी जगभर नावाजलेली आणि तिथली माणसे पगारी तज्ज्ञ, एवढे लक्षात घेता पतसंस्थेतल्या पेनड्राइव्हबद्दल फार बोलू नये.

तपासणी अशी करायची. बॅकअप दुसऱ्या मशिनवर उतरवावा. सभासदांच्या ओळी मोजाव्यात. ठेवींची आणि कर्जांची बेरीज त्या दिवशीच्या तेरजेशी पैशापर्यंत ताडून पाहावी. पाच-दहा खाती उघडून शेवटचा व्यवहार पावतीशी जुळतो का ते बघावे, आणि त्यात नलवाली एक-दोन मुद्दाम घ्यावीत. हे तिमाहीतून एकदा पुरे. सगळ्याला दोन तास लागतात. त्यातला दीड तास पेनड्राइव्ह कोणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे आणि तो माणूस कोणाच्या लग्नाला गेला आहे हे शोधण्यात जातो.